स्कूल बसला आग लागली तर? पालक, बसकाका आणि मदतनीस मावशींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या शाळेच्या परिवहन समितीवर मी पालक प्रतिनिधी आहे. टीव्हीवर पेटलेल्या बसची बातमी आली की त्या रात्री ग्रुपवर तेच प्रश्न येतात. दरवेळी नव्यानं टाइप करण्यापेक्षा सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो.

पेटत्या स्कूल बसमधून ड्रायव्हरनं सगळी मुलं सुखरूप बाहेर काढली, असं खरंच घडलंय का?

घडलंय, आणि एकदाच नाही. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेली घटना अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली आहे, १२ सप्टेंबर २०१६ ची. कॉलेज पार्क नावाच्या गावातून एका प्राथमिक शाळेची बस चालली होती, आत २० मुलं. चालवणारी बाई स्वतः दोन मुलांची आई. समोर ब्रेकमध्ये बिघाड असल्याचा इशारा दिसला तशी तिनं बस बाजूला घेतली. मागच्या चाकाशी जाळ दिसत होता. तिनं विसाच्या वीस मुलांना खाली उतरवलं आणि मग एकटी परत आत चढली, एखादं पोर सीटखाली तर राहिलं नाही ना ते बघायला. थोड्याच वेळात अख्खी बस पेटली. एकाही मुलाला इजा झाली नाही.

दुसरी घटना २०२३ ची, अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातली. बसमध्ये ३७ मुलं होती आणि ड्रायव्हर बाई आठ महिन्यांची गरोदर. जळका वास आला तेव्हा तिला आधी वाटलं, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा असेल. मग धूर दिसला. तिनं बस थांबवली, सगळ्यांना उतरवलं, आणि त्यानंतर बसनं पेट घेतला.

या दोघींनी नेमकं काय बरोबर केलं? धाडस?

धाडस होतंच. पण बातम्यांत आगीतून मुलं उचलून आणण्याचं जे चित्र रंगवलं जातं, तसं इथे फारसं काही नव्हतं. दोघींनीही मोठा भडका उडण्याची वाट बघितली नाही. काहीतरी बिनसलंय एवढं कळताच गाडी थांबवली. मला विचाराल तर सगळी कमाई त्या थांबण्यात आहे.

हे वाटतं तितकं सोपं नाही. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालीत, शाळा दीड किलोमीटरवर आहे, वास हलकाच येतोय. काकांच्या मनात काय येणार? "पोचवून टाकू, मग बघू." उगाच थांबवली आणि काहीच निघालं नाही तर मालक बोलणार, शाळा लेटमार्क देणार, आणि ग्रुपवर आपणच "आज पण बस लेट??" असं दोन प्रश्नचिन्हं लावून लिहिणार. त्या दीड किलोमीटरच्या मोहाला आपलाही हातभार आहे. म्हणून आमच्या समितीनं एक ओळ लेखी देऊन ठेवली आहे: वास किंवा धुराच्या शंकेनं बस थांबवली आणि शंका खोटी निघाली, तरी ड्रायव्हरला कोणीही जाब विचारणार नाही. कागद साधाच आहे. काकांनी तो लॅमिनेट करून स्टिअरिंगच्या वरच्या खणात ठेवलाय.

आग लागण्याआधी काही कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. वायरिंग तापलं की प्लास्टिक वितळल्यासारखा उग्र वास येतो. ब्रेक जॅम झाला असेल तर लायनर जळाल्याचा वास येतो, गाडी ओढत नाही, आणि थांबल्यावर चाकाजवळ हात नेला तर भट्टीसारखी धग लागते. तसंच तापत राहिलं की टायर पेटतो आणि पेटलेला टायर सहजासहजी विझत नाही. विझलासा वाटला तरी पुन्हा धुमसतो.

तिसरं कारण डिझेलची गळती. डिझेल पेट्रोलसारखं ठिणगीसरशी भडकत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पाइपला बारीक भेग पडून तेच डिझेल तापलेल्या टर्बोवर (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) किंवा सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपवर उडालं, की ठिणगीची गरजच राहत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक भर असते. पडदे, झालरी, दोन जादा लाइट, स्पीकर, मोबाइल चार्जिंगचे पॉइंट, आणि या सगळ्यासाठी मूळ वायरिंगला मारलेले जोड. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याजागी तांब्याची तार गुंडाळलेली मी स्वतः एका बसमध्ये पाहिली आहे. फ्यूज उडतो कारण त्याला उडण्यासाठीच बसवलेलं असतं. तार उडत नाही, मागचं वायरिंग जळतं.

धूर दिसल्यापासून किती वेळ हातात असतो?

घड्याळ लावून सांगता येत नाही, पण आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमीच. आणि आधी जीव घेते ती ज्वाळा नव्हे, धूर. सीटमधला फोम जळला की कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू बाहेर पडतो. दोन-चार श्वासांतच गुंगी येते, आणि मोठ्या माणसाआधी लहान मुलाला येते. म्हणून धूर भरला तर मुलांना वाकून, नाक-तोंड रुमालानं दाबून दाराकडे न्यायचं. खालची हवा जरा बरी असते.

इथे अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ओकलंडची घटना सांगायलाच हवी. १२ डिसेंबर २०१७ ची सकाळ. ड्रायव्हरचं वय ७४. पहिल्याच थांब्यावर १६ वर्षांची एक मुलगी बसमध्ये चढली. तिच्या घराच्या वाटेवरून बस मागे घेताना मागची चाकं रस्त्यापलीकडच्या चरात उतरली आणि अडकली. ड्रायव्हर बाहेर काढण्यासाठी गाडी रेटत राहिला. एक्झॉस्टचं तोंड चरात दबलेलं, त्यामुळे टर्बो तापत गेला आणि इंजिनजवळ आग लागली. ती आत पसरली. बसमध्ये दोघंच होती आणि दोघंही वाचली नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं दोन वर्षांच्या आत चौकशी पूर्ण केली. ड्रायव्हरला पाठीचं जुनं दुखणं होतं आणि त्याची शस्त्रक्रिया दोनच दिवसांवर आली होती, हे त्यात पुढे आलं. स्वतः बाहेर पडणं आणि दुसऱ्याला बाहेर काढणं, दोन्हीला शरीर साथ देत नव्हतं. ड्रायव्हरची शारीरिक क्षमता चाचणी घ्या आणि स्कूल बसमध्ये आग आपोआप विझवणारी यंत्रणा बसवा, अशा शिफारशी मंडळानं केल्या.

आपल्याकडे काकांचं लायसन्स, बॅज आणि पोलीस पडताळणी सगळं तपासतात. पण "काका, गुडघे कसे आहेत? मागच्या दारातून उडी मारता येईल का?" हे कोणी विचारत नाही.

आधी आग विझवायची की मुलं उतरवायची?

मुलं. यात चर्चाच नको.

क्रम असा: बस डावीकडे घ्यायची, इंजिन बंद, हँडब्रेक, दार उघडायचं, मावशी खाली उतरून उभी. काका आतून मुलांना पुढे सोडणार. बॅटरीचा मेन स्विच हाताशी असेल तर जाता जाता बंद करायचा, पण हवेवर चालणारं दार असेल तर आधी दार उघडून घ्यायचं. सगळी उतरल्यावर मागून पुढे एक फेरी, सीटखाली बघत. घाबरलेलं लहान मूल पळत नाही, लपतं. मेरीलँडच्या त्या बाईंना हे ठाऊक असावं.

अग्निशामक सिलिंडर त्यानंतर. पाच किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. इंजिनकडची आग असेल तर बॉनेट पूर्ण उघडायचं नाही, नाहीतर हवा मिळून भडका उडतो. फटीतून मारायचं. आणि एक सिलिंडर संपला तरी आग तशीच असेल, तर दुसऱ्याच्या नादी न लागता लांब व्हायचं. बस विम्याची असते.

आधी सिलिंडर वापरायची एकच वेळ: आग दाराच्या वाटेवरच असेल आणि मुलांना बाहेर काढायला वाट करायची असेल.

मुलांनी खिडकीतून उड्या मारल्या तर?

आपल्या स्कूल बसच्या खिडक्यांना आडव्या सळ्या असतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात स्कूल बसबद्दल जे निर्देश दिले, त्यात या सळ्या आहेत, कारण मुलं डोकं आणि हात बाहेर काढतात. रोजच्या धोक्यासाठी ते योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ पालकांच्या लक्षात येत नाही. आगीच्या वेळी आपल्या बसला खिडक्या नसल्यातच जमा. मुलं बाहेर येणार ती दारातूनच. म्हणून प्रवेशाचं दार आणि एसटीच्या भाषेत "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग", हे दोन्ही चालू असलेच पाहिजेत.

दार अडलं की काय होतं, ते अमेरिकेच्या केंटकी राज्यात कॅरोल्टनजवळ १४ मे १९८८ ला दिसलं. चर्चनं विकत घेतलेल्या जुन्या स्कूल बसला दारू प्यायलेल्या माणसाची गाडी समोरून धडकली. इंधनाची टाकी फुटली आणि पुढचं दार अडकलं. ६७ जण एका अरुंद वाटेनं मागच्या एकाच दाराकडे धावले. २७ जण गेले, त्यातली बहुतेक मुलं. धडकेनं कोणीही दगावलं नव्हतं, सगळे आगीनं आणि धुरानं गेले. त्या राज्यात नंतर स्कूल बसला बाहेर पडायच्या वाटा किती असाव्यात याचे नियमच बदलले.

मागचं दार उघडतं की नाही, हे कसं कळणार?

उघडून बघायचं. हे इतकं साधं आहे की कोणी करत नाही.

आम्ही पहिला सराव एका शनिवारी शाळेच्या मैदानावर घेतला. बस उभी, आत ३८ मुलं, माझ्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. काकांनी "उतरा!" म्हटल्यावर मुलांनी सगळ्यात आधी काय केलं असेल? दप्तरं पाठीला लावली. पहिलीतला एक जण उतरून परत चढला, त्याची पाण्याची बाटली राहिली होती. शेवटचं मूल खाली आलं तेव्हा तीन मिनिटं दहा सेकंद झाले होते, तेही धूर नसताना आणि हसत-खिदळत.

मग मागचं दार. काकांनी हँडल वर ओढलं, हललं नाही. खांदा लावला, तरी नाही. बाहेरून नीट पाहिल्यावर कळलं. बस नुकतीच पासिंगला गेली होती, त्यासाठी झकास पिवळा रंग मारलेला, आणि रंगाऱ्यानं दाराच्या फटीवरूनही सढळ हातानं ब्रश फिरवला होता. रंग वाळून दार चौकटीला चिकटलं होतं. काकांनी पाना-पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि फटीतून चारी बाजूंनी फिरवला. पिवळे पोपडे खाली पडत होते आणि आम्ही सगळे मोठे लोक गप्प उभे होतो. कागदोपत्री त्या बसला संकटकालीन दार होतं.

तिसऱ्या सरावाला, दोन्ही दारं वापरून आणि दप्तरं आतच ठेवून, वेळ आली एक मिनिट पाच सेकंद.

सराव घ्यायचा तर काय लक्षात ठेवायचं?

मागच्या दाराशी उंची जास्त असते, म्हणून तिथे आधी आठवी-नववीतली दोन मुलं उतरवायची. त्यांनी लहानांना हात द्यायचा. लहानांनी उडी न मारता दाराच्या कडेवर बसून खाली घसरायचं. एक सराव पुढचं दार बंद आहे असं धरून घ्यायचा, एक मागचं बंद धरून. आणि एक, ज्यात काकाच बेशुद्ध आहेत असं समजायचं. दार कसं उघडायचं हे मावशींना आणि मोठ्या मुलांनाही आलं पाहिजे. हवेवर चालणारं दार असेल तर ते हातानं सोडायचा खटका कुठे आहे, तोही.

मुलांना भीती बसेल असं काहींना वाटतं. आमच्या मुलांना तर तो शनिवार सहलीसारखा वाटला.

दप्तर, डबा, टॅब?

सगळं आत. टॅबही.

उतरल्यावर काय?

बसपासून निदान तीस मीटर लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला. रस्ता ओलांडायचा नाही. आगीतून वाचलेलं मूल मागून येणाऱ्या ट्रकखाली जाऊ नये. मुलांना एकमेकांचा हात धरून साखळी करायला लावायची आणि मावशींनी यादीप्रमाणे मोजायचं. ती यादी छापील हवी आणि मावशींच्या पिशवीत हवी, बसच्या डॅशबोर्डवर नको, कारण डॅशबोर्ड बसबरोबरच जातो. त्या दिवशी कोण आलं नाही याची खूण सकाळीच करायची. नाहीतर घरी तापानं झोपलेल्या मुलाला शोधायला कोणीतरी पेटत्या बसमध्ये शिरेल.

फोन ११२ किंवा १०१ ला, रुग्णवाहिकेसाठी १०८. पालकांना शाळेतून एकच निरोप. आणि आपण गाड्या काढून घटनास्थळी धावायचं नाही. अग्निशमनाची गाडी आपल्याच गर्दीत अडकते.

कपडे पेटले किंवा भाजलं तर?

पळायचं नाही. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं. भाजलेल्या जागेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काहीही लावायचं नाही. आजीनं सांगितलं तरी नाही. धूर नाकातोंडात गेलेलं मूल वरून ठीक दिसलं तरी दवाखान्यात दाखवायचं.

नियम काय म्हणतात?

महाराष्ट्राचे स्कूल बसचे स्वतंत्र नियम २०११ पासून आहेत. त्यात मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शाळेची परिवहन समिती आहे, पालकांचा प्रतिनिधी आहे, बसमध्ये मदतनीस आणि अग्निशामक सिलिंडर आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं २७ जानेवारी २०२२ च्या अधिसूचनेनं ए.आय.एस.-१३५ या बसमधल्या आगीबद्दलच्या मानकात बदल केला. इंजिनच्या खणात आग ओळखून विझवणारी यंत्रणा त्या मानकात आधीपासून होती. आता स्कूल बसच्या प्रवासी कक्षासाठीही आगीची सूचना देणारी आणि पाण्याच्या तुषारांनी उष्णता रोखणारी यंत्रणा आली. आतलं तापमान ५० अंशांच्या आत ठेवून बाहेर पडायला जादा वेळ मिळवून द्यायचा, हा तिचा हेतू. हे नव्या बांधणीच्या बससाठी आहे. रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या बसमध्ये आग ओळखणारं यंत्र म्हणजे काकांचं नाक.

सिलिंडर आहे का एवढंच बघू नका. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन जागेवर आहे का, भरल्याची तारीख काय, आणि तो निघतो का, हे बघा. चोरीला जाऊ नये म्हणून तारेनं आवळून बांधलेले सिलिंडर मी पाहिलेत.

आमची बस सीएनजीवर आहे. जास्त धोका आहे का?

नीट बसवलेली आणि तपासलेली असेल तर घाबरायचं कारण नाही. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, गळती झाली तर वर उडून जातो. सिलिंडरला तापमान वाढलं की गॅस बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) करावी लागते, तिची तारीख प्लेटवर असते. ती बघायला मागा.

धोका जुगाडात आहे. १ ऑक्टोबर २०२४ ला थायलंडमध्ये बँकॉकजवळ शाळेच्या सहलीची बस पेटली. २० विद्यार्थी आणि ३ शिक्षक गेले. परवानगी ६ गॅस टाक्यांची होती आणि बसवलेल्या होत्या ११, असं तपासात पुढे आलं. ड्रायव्हर तिथून पळून गेला होता, नंतर त्याला अटक झाली. लोकांचा सगळा राग त्याच्यावर निघाला, ते समजण्यासारखं आहे. पण जादाच्या पाच टाक्या काही त्या एका सकाळी बसवल्या गेल्या नव्हत्या.

मूल व्हॅननं जातं. मग?

मग जास्त बारकाईनं बघा. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यात लोंगोवालला १५ फेब्रुवारी २०२० ला शाळेची जुनाट व्हॅन पेटली. आत १२ मुलं होती, ४ गेली. उरलेली वाचली ती शेजारच्या शेतात काम करणाऱ्या माणसांमुळे आणि व्हॅनमधल्याच नववीतल्या एका मुलीमुळे. व्हॅनचं सरकतं दार आतून उघडतं का, आणि तुमच्या मुलाच्या हाताला तो खटका ओढता येतो का, हे उद्याच बघा. गॅस किट असेल तर ते आरसी बुकावर चढवलेलं आहे का, तेही.

हे सगळं विचारलं तर काकांना राग येणार नाही का?

आमच्या काकांना आला होता. अकरा वर्षं गाडी चालवतोय, एक ओरखडा नाही, आणि आता तुम्ही मला शिकवणार? दोन दिवस माझ्याकडे बघून हॉर्नसुद्धा वाजवला नाही त्यांनी. मी त्यांना मेरीलँडच्या त्या बसचा फोटो दाखवला, सांगाडा उरलेला. ते बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "पोरं किती होती?" वीस, म्हटलं. "आणि बाई एकटीच? मदतनीस नाही?" एकटीच.

आता दर सोमवारी सकाळी पावणेसातला, पहिलं मूल चढायच्या आधी, आमच्या गेटसमोर बसचं मागचं दार एकदा उघडतं आणि खणकन बंद होतं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी आवाजाची तक्रार केली आहे. ती अजून समितीपुढे आलेली नाही.